करंट नाय, साहेब!

पावसाळा संपला की पुणेकरांना दोन झटके बसतात. पहिला दिवाळीच्या खरेदीच्या बिलाचा. दुसरा, ‘या वीकएन्डला पाण्यावर जाऊ या यार’ नावाचा. गोवा लांब पडतं. अलिबागला अख्खी मुंबई आधीच पोचलेली असते. मग गाड्या वळतात आपल्या हक्काच्या दिशेला, म्हणजे भोर-वेल्ह्याकडे. कात्रजचा बोगदा ओलांडला, कापूरहोळला उजवीकडे वळलं की भाटघर. सिंहगड रोडनं खडकवासला मागे टाकून पुढे गेलं की पानशेत आणि वरसगाव. (वेल्हे तालुक्याचं सरकारी नाव आता राजगड झालंय, पण जुनी सवय इतक्यात सुटणार नाही.)

पाणी पण काय साधंसुधं नाही. भाटघरचं धरण म्हणजे १९२८ सालचं लॉइड डॅम. त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे, आणि भरलं की साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी. पानशेत म्हटलं की घरातल्या आजीला १२ जुलै १९६१ आठवतो आणि आपल्याला कणीस. जनरेशन गॅप म्हणतात तो हाच!

तर मुद्दा असा, की आपल्यातली काही मंडळी हल्ली काठावर कणीस खाऊन थांबत नाहीत. कुणाच्या काकांचं बॅकवॉटरला फार्महाउस असतं, त्यावर एक छोटी बोट असते, आणि बोटीच्या मागे टांगलेलं एक सेकंडहॅन्ड आउटबोर्ड इंजिन. ऑफिसातल्या वायफायपासून घरातल्या गीझरपर्यंत सगळं ‘रीस्टार्ट’ करून दुरुस्त करणारी आपली पिढी त्या इंजिनाची दोरी ओढते. एकदा, दोनदा, वीसदा. इंजिन ढिम्म. मग कुणीतरी ठेवणीतला डायलॉग मारतो, ‘बॅटरी डाऊन असेल रे.’

बॉस, दोरीनं सुरू होणाऱ्या इंजिनाला स्पार्कसाठी बॅटरी लागतच नाही. फंडा इथूनच क्लिअर करायला हवा.

ठिणगीची भिशी

१९०९ च्या सुमारास ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेजियन वंशाच्या अमेरिकन माणसानं बोटीच्या मागे अडकवायचं इंजिन बाजारात चालेल असं करून दाखवलं. होणाऱ्या बायकोसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला गेला, वल्हवत परत येईपर्यंत ते वितळलं, म्हणून हे सुचलं अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी तोच जाणे. त्याच्या नावाचा ब्रँड २०२० पर्यंत बाजारात होता. पण इंजिनाच्या पोटातला ठिणगीचा खेळ मूळ कल्पनेत फारसा बदललेला नाही. चुंबक फिरवा, वीज मिळवा.

तुम्ही दोरी ओढता तेव्हा वरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील फिरतं. त्याच्या आतल्या बाजूला चुंबकं असतात. ती एका कॉइलसमोरून गेली की तिच्यात वीज तयार होते. ही झाली चार्ज कॉइल. ती वीज जाते सीडीआय नावाच्या काळ्या डबीत आणि तिथल्या कपॅसिटरमध्ये साठते, साधारण दोन-तीनशे व्होल्टपर्यंत. कपॅसिटर म्हणजे भिशी समजा. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि एकाच्या हातात एकदम गठ्ठा द्यायचा. गठ्ठा कधी द्यायचा हे सांगते दुसरी छोटी कॉइल, ट्रिगर कॉइल. ती ‘आत्ता’ म्हणाली की सगळी पुंजी एका क्षणात इग्निशन कॉइलमध्ये ओतली जाते. तिथे दोन-तीनशे व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट होतात आणि जाड वायरमधून, कॅपमधून, प्लगच्या टोकाशी उडी मारतात. ती उडी म्हणजे ठिणगी.

म्हणजे फ्लायव्हील, चार्ज कॉइल, सीडीआय, ट्रिगर, इग्निशन कॉइल, वायर, प्लग. मोजून सात भिडू. कुणीही एक गळपटला की ठिणगी नाही. आणि आठवा एक आहे, जो मुद्दाम ठिणगी मारण्यासाठीच बसवलेला असतो. त्याच्याकडे येतोच. आजच्या गोष्टीचा खरा हीरो (आणि बऱ्याचदा व्हिलनही) तोच.

मामांची एन्ट्री

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी भाटघरच्या काठावर आमच्या ग्रुपचं नेमकं हेच झालं. इंजिन पंधरा हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं. मे महिन्यात शेवटचं चाललेलं आणि अख्खा पावसाळा शेडमध्ये काढलेला. आमच्यातला एकजण हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्यानं दहा मिनिटांत निदान केलं, ‘सीडीआय गेला’, आणि मोबाइलवर सीडीआयची किंमत बघायला लागला. रेंज येत नव्हती म्हणून वाचला. किंमतही आणि तोही.

फार्महाउसच्या राखणदारांनी भोरहून एका मेकॅनिक मामांना बोलावलं. मामा मोटरसायकलवर आले. बरोबर एक कळकट पिशवी. साठीच्या पुढचे. आयुष्य स्कूटर, लुना आणि शेतावरच्या पंपांत गेलेलं. त्यांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. आधी बोटीकडे बघितलं.

‘वल्ही कुठायत?’

वल्ही शेडमध्ये होती.

‘आन् इंजान मधी बंद पडलं आस्तं म्हंजी?’

कुणी काही बोललं नाही. मामांनी वल्ही बोटीत आणून ठेवायला लावली, बोट खुंटाला बांधली आणि मगच झाकण उघडलं.

ही नुसती म्हाताऱ्या माणसाची शिस्त नव्हे. बाइकचा प्लग गेला तर आपण बाइक कडेला घेतो. धरणाच्या मध्यावर ‘कडेला’ नावाची जागा नसते. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथे प्रश्न इंजिनाचा नव्हता, वाऱ्याचा होता. पण वारा उठल्यावर बोटीचं तोंड लाटेकडे धरून ठेवायला इंजिन लागतं. बंद इंजिनाची बोट आडवी होते आणि आडव्या बोटीत लाट शिरते. म्हणून पाण्यावर इंजिन मेलं तर क्रम असा. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं (खरं तर ते आधीच अंगात हवं), खाली बसायचं, नांगर टाकायचा किंवा वल्ही काढायची, काठावर कळवायचं. ठिणगी त्यानंतर.

मेलं कसं, ते आधी सांगा

मामांचा पहिला प्रश्न डॉक्टरसारखा होता. ‘मे महिन्यात बंद कसं झालं? गचके देत का एकदम?’

हा लाखमोलाचा प्रश्न आहे. इंजिन खोकत, गचके देत, हळूहळू मेलं तर पेट्रोलवर संशय घ्यायचा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय का, पाइप पिळवटलाय का, पेट्रोलमध्ये पाणी आहे का. आणि दिव्याचं बटण दाबावं तसं खटकन मेलं तर बहुतेक वेळा करंटचा मामला. आमचं मे महिन्यात नीट बंद केलं होतं आणि आता उठतच नव्हतं. म्हणजे दोन्ही शक्यता उघड्या.

मग त्यांनी दोन्ही प्लग काढले. ओले. पेट्रोलचा वास. ‘पेट्रोल येतंय. आग लागंना.’ प्लग कोरडा निघाला असता तर उलटं. मग ठिणगीच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता.

पुढे ठिणगी बघायची वेळ. इथे आपल्याकडची सगळ्यांत लोकप्रिय पद्धत म्हणजे प्लग वायरला लावायचा, हातात धरून बॉडीला टेकवायचा आणि दोस्ताला म्हणायचं, ‘ओढ!’ चेतक आणि यझदीच्या जमान्यात बाबांच्या पिढीनं हेच केलं. पण बोटीत असं करू नका. पहिलं कारण, सीडीआयचा झटका जबरदस्त असतो आणि कुणाला पेसमेकर असेल तर तो जीवघेणा ठरू शकतो. दुसरं, प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, आणि तिच्याशेजारी ठिणगी उडवणं म्हणजे स्वतःच्या हातानं फटाका लावणं. तिसरं, प्लगची वायर नुसतीच लोंबत ठेवून दोरी ओढली तर वीस-तीस हजार व्होल्टना जायला वाट मिळत नाही आणि चांगला सीडीआयही बसू शकतो.

त्यापेक्षा स्पार्क टेस्टर नावाची फालतू दिसणारी वस्तू मिळते. एक टोक वायरला, दुसरं टोक चिमट्यानं इंजिनाच्या बॉडीला, प्लगच्या भोकांपासून लांब. पेट्रोलचा पाइप काढलेला, गिअर न्यूट्रलला, आणि हात दूर. टेस्टरचा अजून एक फायदा आहे. त्यात गॅप मोठी ठेवता येते. उघड्या हवेत प्लगवर ठिणगी सहज उडते. सिलिंडरच्या आत दाबलेल्या हवेत तीच उडवायला जास्त दम लागतो. म्हणून ‘बाहेर तर स्पार्क येतोय’ हे सर्टिफिकेट अर्धवट असतं. ठिणगी कडक, निळसर-पांढरी, चट्ट आवाज करणारी हवी. पिवळट-नारिंगी, लाजरी ठिणगी म्हणजे आजारपण.

मामांनी टेस्टर लावला, मी दोरी ओढली. हो, दोरीही झटक्यात ओढावी लागते. हळू ओढली तर चुंबकं हळू फिरतात आणि चांगल्या इंजिनातही ठिणगी पडत नाही.

एका सिलिंडरला काही नाही. दुसऱ्यालाही काही नाही.

‘करंट नाय, साहेब.’

अर्धं कापा, अर्धं फेका

आता ऐका, कारण इथून पुढचं सगळं आपल्या आयटीवाल्यांच्या आवडीचं आहे. बग शोधताना आपण काय करतो? कोड अर्धा कापतो. बग या अर्ध्यात की त्या अर्ध्यात? मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं. भोरच्या मामांनी कॉम्प्युटर सायन्स केलेलं नाही, पण त्यांची पद्धत तीच.

पहिला काप. एकाच सिलिंडरला करंट नसेल तर दोष त्या सिलिंडरच्या स्वतःच्या माणसांत, म्हणजे त्याचा प्लग, कॅप, वायर आणि कॉइल. अशा वेळी दोन्ही सिलिंडरच्या कॉइल वेगळ्या असतील तर त्यांची अदलाबदल करायची. दोष कॉइलबरोबर दुसरीकडे गेला तर चोर सापडला. फुकटात. पण दोन्ही सिलिंडर एकदम मेले असतील तर दोन प्लग, दोन वायरी एकाच दिवशी संपावर जाणं जवळपास अशक्य. मग दोष सामायिक माणसांत. चार्ज कॉइल, सीडीआय, अर्थिंगची वायर, किंवा तो आठवा.

आठवा म्हणजे स्टॉप सर्किट. इंजिन बंद करायचं लाल बटण, आणि त्याच्यात अडकवलेली लाल दोरी, जिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला असतं. ही दोरी उपटली की स्विच सीडीआयला बॉडीशी जोडतो, भिशीचे सगळे पैसे जमिनीत जातात आणि ठिणगी मरते. थोडक्यात, ‘करंट नाही’ हा इथे बिघाड नसून फीचर आहे!

म्हणूनच दोन्ही सिलिंडर मेले असतील तर पहिल्यांदा तिथेच बघायचं. लाल क्लिप जागेवर आहे का? पूर्ण बसली आहे का? बटण आत अडकून तर नाही राहिलं? खर्च शून्य, वेळ पाच सेकंद. आमची क्लिप जागेवर होती. बटण वरखाली होत होतं. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, ‘बघा, म्हणजे सीडीआयच!’

मामा हसले. ‘दादा, खरेदी सगळ्यात शेवटी.’

त्यांनी सीडीआयकडे येणारी स्टॉप स्विचची वायर तिच्या जोडातून सोडवली. बस्स, एकच वायर. (तिचा रंग कंपनीगणिक वेगळा असतो, मॅन्युअल बघा. अंदाजानं वायरी ओढू नका.) आणि मला म्हणाले, ‘हाना.’

दोरी ओढली. टेस्टरमध्ये निळी ठिणगी. चट्ट! दोन्हीकडे.

एक वायर काढून चार्ज कॉइल, ट्रिगर, सीडीआय, दोन्ही इग्निशन कॉइल निर्दोष सुटले. हाय काय अन् नाय काय! आता दोष फक्त त्या सोडवलेल्या वायरीत आणि तिच्या टोकाच्या स्विचमध्ये. मामांनी ती बोटांनी चाचपत मागे नेली. चालवायचा दांडा जिथे वरखाली दुमडतो, तिथे बिजागरीला घासून वायरीचं प्लास्टिक सोललं गेलं होतं. आतलं तांबं हिरवट पडलेलं, आणि बॉडीला टेकलेलं. इंजिनाला वाटत होतं, कुणीतरी बंदचं बटण दाबून बसलंय. चार महिने!

इतकं सोपं नसेल तर?

नेहमीच इतक्यावर भागतं असं नाही. स्टॉप वायर काढूनही ठिणगी आली नसती तर मामांचा पुढचा क्रम त्यांनी मला तिथेच सांगितला. एक, अर्थिंग. इंजिनाच्या बॉडीला जिथे काळी वायर स्क्रूनं आवळलेली असते तो जोड उघडायचा, घासून लख्ख करायचा, परत आवळायचा. भोर-वेल्ह्याच्या पावसात चार महिने राहिलेल्या इंजिनाचा हा हमखास आजार. दोन, प्रत्येक कनेक्टर काढून आत हिरवं-पांढरं काही आहे का ते बघायचं, सुकवायचं, पुन्हा बसवायचं. तीन, उंदीर. शेडमध्ये भाताची पोती आणि इंजिन शेजारी असतील तर झाकणाखाली उबदार फ्लॅट मिळतो आणि जेवायला वायरी. चार, फ्लायव्हीलखाली तडा गेलेली कॉइल किंवा गंजलेली चुंबकं. यासाठी फ्लायव्हील पुलरनं काढावं लागतं. हातोडीनं नाही. इथे मेकॅनिकला हाक मारा.

मग मल्टिमीटर. कॉइलचा रेझिस्टन्स मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचा. इग्निशन कॉइलच्या आतल्या बाजूचा बहुतेक वेळा एक ओहमच्याही खाली असतो, बाहेरच्या बाजूचा काही हजार ओहम. पण लक्षात ठेवा, काही कॉइल थंड असताना सज्जन असतात आणि तापल्यावर रंग दाखवतात. अर्धा तास चालून मरणारं आणि गार झाल्यावर पुन्हा उठणारं इंजिन असेल तर संशय तिथे. आणि चार्ज कॉइलचे व्होल्ट साध्या मीटरवर बघून ‘हे तर कमी आहेत’ म्हणू नका. ती वीज क्षणभराच्या ठोक्यांची असते, साधा मीटर ती पकडू शकत नाही. त्याला पीक व्होल्टेजचा अ‍ॅडॉप्टर लागतो.

हे सगळं बरोबर निघालं तरच सीडीआय. कारण तो सगळ्यांत महाग, आणि ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या लक्ष्मी रोडइतकीच स्पेअर पार्टच्या दुकानातही जुनी आहे.

आणि हो, ठिणगी कडक आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन उठत नाही, उलट दोरीला झटका देतं, असं झालं तर फ्लायव्हीलची चावी तुटलीय का ते बघायचं. ती छोटीशी लोखंडी चकती फ्लायव्हीलला शाफ्टवर नेमक्या जागी धरते. ती कापली गेली की ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी. मीटिंगला सगळे हजर, पण प्रत्येकाच्या घड्याळात वेगळी वेळ!

चालतंय ना? मग राहू दे!

आता गोष्टीचा खरा भाग. ठिणगी दिसल्याबरोबर आमचा ग्रुप जल्लोषात. प्लग लावले, पाइप जोडला, इंजिनाचा पाय पाण्यात आहे याची खात्री केली (पाण्याबाहेर चालवलं तर थंड करणारा पंप काही क्षणांत जळतो), दोरी ओढली आणि इंजिन धडधडायला लागलं. सगळे उड्या मारत बोटीकडे.

आणि मामांनी चोक ओढून इंजिन बंद केलं. चोक ओढून, कारण स्टॉपची वायर सुटलेली असताना लाल बटण दाबून काहीच होत नाही.

‘मामा, चालू झालं ना! वायर नंतर लावू.’

‘नाय साहेब. चालू होनं आर्धं काम. बंद होनं ऱ्हायलंय.’

मी हे वाक्य त्या दिवशी फोनमध्ये टाइप करून ठेवलं.

विचार करा. आपल्याकडे पाण्यावरच्या जुगाडांत हा जुगाड सर्वांत सोपा आहे. लाल दोरी हरवली? स्विचमध्ये बाटलीचं झाकण अडकवा. स्विच खराब? वायर कापा. चालतंय ना! बोट चालते, आणि ती चालवणारा पाण्यात पडला तरी चालतच राहते. मोकळ्या सुटलेल्या इंजिनाचा दांडा बहुतेक वेळा एका बाजूला वळतो, बोट गोल फिरते आणि पडलेल्या माणसाकडे परत येते. पंख्यासकट.

५ मे २०१३ ला इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टोजवळ एक कुटुंब सुट्टीच्या दिवशी स्पीडबोटीतून फिरत होतं. वेगात वळताना सहाच्या सहा जण पाण्यात फेकले गेले. लाल दोरी कुणाच्या अंगाला अडकवलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्यावरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेले, बाकीचे जखमी झाले. इंजिनाच्या ठिणगीत कसलाही बिघाड नव्हता. बिघाड हाच, की ती विझली नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोटी वेगात चालवताना ही दोरी किंवा तिचं वायरलेस भावंड वापरणं कायद्यानं बंधनकारक झालं, ते उगाच नाही.

मामांनी सोललेला भाग कापला, नवा तुकडा जोडला, त्यावर बाही चढवली आणि वायर बिजागरीपासून लांबून फिरवून बांधली. स्टॉपची वायर परत जोडली. मग इंजिन सुरू केलं आणि लाल दोरी उपटली. इंजिन गप्प. पुन्हा सुरू, आता बटण. गप्प. दोनदा केलं. पैसे विचारले तर पेट्रोलपाण्याचे सांगितले. त्याच्या दुप्पट आम्ही दिले, आणि सीडीआयच्या हिशेबात ते कितीतरी स्वस्त पडले.

डिकीत आणि डोक्यात

भोर-वेल्ह्याकडे पाण्यावर जाणाऱ्यांनी एवढं कापून फ्रिजला लावा.

१. डिकीत: इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नंबरचेच दोन नवे प्लग, प्लग पाना, स्पार्क टेस्टर, इन्सुलेशन टेप, कनेक्टर साफ करायचा स्प्रे, जादा लाल दोरी.

२. बोटीत: माणशी एक लाइफ जॅकेट, वल्ही, नांगर, शिट्टी, वॉटरप्रूफ पिशवीत फोन. बॅकवॉटरला रेंज जाते, त्यामुळे कधी परतणार हे काठावरच्या माणसाला सांगून निघा.

३. क्रम: माणसं, मग लाल क्लिप, मग प्लग, मग टेस्टर, मग स्टॉप वायर, मग अर्थिंग आणि जोड, मग मीटर, सर्वांत शेवटी पाकीट.

४. पावसाळ्यानंतरची पहिली दोरी नेहमी काठावर, बोट बांधलेली असताना. आणि इंजिन सुरू झाल्यावर पहिली टेस्ट ते बंद होतं का, याची.

५. इंजिन लावलेली बोट म्हणजे वाहनच. तिची नोंदणी आणि जलसंपदा खात्याची परवानगी आहे ना, हे मालकाला विचारा. लाजू नका.

६. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यामार्गे आपल्याच नळाला येतं. टू-स्ट्रोकचं तेल आणि प्लग धुतलेलं पेट्रोल पाण्यात ओतलं तर सोमवारी सकाळच्या चहात त्याचा वाटा तुमचाच.

येत्या वीकएन्डला कुणी आउटबोर्डची दोरी पंचविसाव्यांदा ओढताना दिसला तर त्याला बॅटरीचं ज्ञान देऊ नका. नुसतं विचारा, ‘लाल क्लिप बघितली का?’ तो बघेल, जरा ओशाळेल, इंजिन सुरू होईल. मग दुसरा प्रश्न विचारा, ‘आणि तिचं दुसरं टोक कुठाय?’ उत्तर ‘माझ्या जॅकेटला’ असेल, तरच त्याच्या बोटीत बसा.